थेंब पडतो एकीकडे, गळते दुसरीकडे

घरचे यंत्र, घरची निगा



गाडी गळते आहे हे घरात सर्वांत आधी कोणाला कळते? गाडी चालवणाऱ्याला नव्हे. सकाळी अंगण झाडणाऱ्या बाईला कळते. काल झाडलेल्या जागी आज रुपयाएवढा तेलकट डाग असतो. ती सांगते, आणि चालवणारा म्हणतो, "जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच." मग टाकीत तेल ओतले जाते. आठ दिवसांनी पुन्हा ओतले जाते. डाग रुपयाचा पोळीएवढा होतो, वळताना गाडी कण्हू लागते, आणि एक दिवस बाजारच्या गर्दीत स्टिअरिंग जात्यासारखे जड होते. तालुक्याला गाडी नेली की मिस्त्री वाकून बघतो आणि सांगतो, "दादा, रॅकच गेला. नवा टाकावा लागेल."

कधी कधी तो खरेच गेलेला असतो. पण पुष्कळदा दोष एखाद्या सैल क्लिपचा किंवा फुटक्या नळीचा असतो. नळी शेकड्यांत येते, पंप आणि रॅक हजारांत जातात. फरक एवढाच की गळती कुठून होते हे कोणी नीट पाहिलेले नसते. म्हणून या वेळी जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगची गळती कशी ओळखावी, कशी शोधावी आणि त्यातले घरी किती करावे, हे पाहू.

हे यंत्र काय करते?

पॉवर स्टिअरिंग म्हणजे तेलाच्या दाबाने स्टिअरिंग फिरवायला मिळणारी मदत. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२० नंतरच्या दशकात अशी यंत्रणा मोटारगाडीवर बसवून दाखवली. पुढे १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीतून ती प्रथम सर्वसाधारण विक्रीला आली. आपल्याकडच्या जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, सुमो यांसारख्या गाड्यांत, ज्यांना पॉवर स्टिअरिंग आहे त्यांत, हीच तेलाची पद्धत असते.

तिचे भाग मोजकेच आहेत. तेलाची लहान टाकी. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप. टाकीतून पंपात तेल आणणारी नळी. पंपापासून पुढे जाणारी जाड, दाबाची नळी. मग स्टिअरिंगचा रॅक किंवा स्टिअरिंग बॉक्स. आणि तिथून तेल टाकीत आणून सोडणारी परतीची नळी. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी जसे पाइपातून पाटात आणि पाटातून वाफ्यात जाते, तसेच हे समजा. फरक इतकाच की इथे तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सगळ्या नळ्यांत दाब सारखा नसतो. गाडीच्या टायरमध्ये आपण चौरस इंचाला ३० ते ३५ पौंड हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण वळवले की दाबाच्या नळीतला दाब हजार पौंडांच्याही वर जातो. परतीच्या नळीत मात्र दाब अगदी थोडा असतो. घरी काय करावे आणि काय करू नये, हे सारे या एका फरकावर ठरते.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत तेलाऐवजी विजेच्या मोटारीने स्टिअरिंगला मदत मिळते. त्यांत ही टाकी नसतेच. तेव्हा आधी बॉनेट उघडून आपल्या गाडीला टाकी आहे का ते पाहा. टाकीच्या झाकणावर बहुधा स्टिअरिंगच्या चाकाचे चित्र असते.

आधी तेल ओळखा

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब स्टिअरिंगच्या तेलाचा नसतो. रात्री गाडी लावताना इंजिनखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा पसरा. वर खडा ठेवा म्हणजे उडणार नाही. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने मांडून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला आणि कसा आहे ते उजेडात पाहा.

काळेकुट्ट असेल तर बहुधा इंजिनचे तेल. डिझेल गाडीत ते लवकर काळे होते. दाट, चिकट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरचे तेल. पाण्यासारखे पातळ, हिरवे किंवा गुलाबी असेल तर रेडिएटरचे पाणी, म्हणजे कूलंट. ते चवीला गोडसर असते आणि विषारी असते. अशा डागावर लगेच माती टाकून ती माती उचला. कुत्रे किंवा वासरू चाटून जाईल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर ती ब्रेकची असू शकते. मग गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. नुसते स्वच्छ पाणी असेल तर एसीचे. त्याची काळजी नको.

पॉवर स्टिअरिंगचे तेल पातळ असते. पुष्कळ गाड्यांत ते नवे असताना लाल असते, काहींत मधाच्या रंगाचे किंवा हिरवट. जुने झाले की तपकिरी होते. शंका आली तर टाकीत स्वच्छ काडी बुडवून एक थेंब पुठ्ठ्यावरच्या डागाशेजारी सोडा. दोन्ही सारखे दिसले तर चोर सापडला.

कानाला काय कळते?

वळताना, विशेषतः सकाळी पहिल्या वळणाला, कण्हल्यासारखा किंवा घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर पंप हवा ओढतो आहे असे समजा. टाकीत पाहिले तर तेलावर फेस दिसेल. तेल कमी झाल्यामुळे असे होते. पण कधी कधी तेल पुरेसे असते, खाली थेंबही पडत नाही, तरी फेस येतो. याचे कारण शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. मोटारीचा सक्शन पाइप चिरला की पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते आणि मोटार पाणी सोडते. इथेही टाकीतून पंपात जाणाऱ्या नळीची क्लिप सैल असली की तसेच होते. तेव्हा गळती नाही म्हणून नळी चांगली, असे समजू नका.

उगम कसा शोधावा?

शेतातली पाइपलाइन फुटली की पाणी फुटल्या जागीच वर येते असे नाही. उतार धरून ते खाली जाते आणि दुसऱ्याच ठिकाणी चिखल दिसतो. गाडीतही तसेच होते. तेल नळीवरून, पट्टीवरून ओघळते आणि सर्वांत खालच्या टोकाला थेंब होऊन पडते. चालत्या गाडीत वारा ते आणखी मागे नेतो. म्हणून थेंबाच्या वरचा भाग दोषी ठरवू नये. ओल धरून वर वर जावे. सर्वांत वरची ओली जागा, तिथे गळतीचा उगम.

पण जुन्या गाडीत सगळेच तेलकट असते. वर धुळीची साय चढलेली असते. म्हणून पहिले काम धुण्याचे. इंजिन पूर्ण थंड असताना डायनामो आणि विजेच्या जोडण्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. ब्रशने, थोडे डिझेल लावून, टाकी, पंप, नळ्या, रॅक किंवा बॉक्स यांवरची घाण काढा. मग साबणाच्या पाण्याने डिझेल धुऊन टाका. रबरावर आणि पट्ट्यावर ते राहू देऊ नये. काम चालू असताना जवळ विडी, काडी नको. नंतर गाडी उन्हात पूर्ण वाळू द्या आणि पिशव्या काढून घ्या.

टाकीतले तेल खुणेपर्यंत भरा. संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ लगेच उठून दिसते. आता एकाने स्टिअरिंगवर बसावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगडाची उटी. इंजिन चालू करून स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. टोकाला नेल्यावर दोन-तीन सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, पंप तापतो. दुसऱ्याने बाजूला उभे राहून बॅटरीच्या उजेडात पाहावे. पदर, उपरण्याचे टोक, शर्टाची बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. मुलांना तर गाडीच्या दोन हात दूरच उभे करा.

गळती अगदी बारीक असेल तर लगेच दिसणार नाही. मग चार-पाच दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा पाहा. धुतलेल्या गाडीत पहिली ओली जागा लपत नाही.

हाताने चाचपू नका

आता एक गोष्ट सांगतो, ती घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. इंजिन चालू असताना नळीवरून हात फिरवून गळती शोधू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाचे तेल असे सुटते की ते डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. सुरुवातीला काटा टोचल्यासारखे वाटते. रक्तसुद्धा फारसे येत नाही. म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते, ठणकू लागते आणि आतले मांस मरू लागते. वेळ गेला तर बोट, कधी हातसुद्धा गमवावा लागतो. यावर घरगुती उपाय नाही. शस्त्रक्रिया करून तेल काढावे लागते. असे झाले तर जखम कितीही लहान दिसो, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचे तेल आत शिरले आहे.

ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक, टिपर ट्रॉलीचा पाइप, डिझेल इंजिनच्या नोझलची नळी, सर्वांना हाच नियम. फवारा आहे का हे पाहायचे असेल तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा धरा. ओला झाला तर पुठ्ठा होईल.

कोणती जागा, काय उपाय?

टाकी. झाकणाच्या बाजूने ओल असेल तर आधी तेल जास्त भरलेले नाही ना ते पाहा. तापल्यावर तेल फुगते आणि बाहेर येते. पुष्कळ टाक्यांवर थंड आणि गरम अशा निराळ्या खुणा असतात. झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल तर तेवढीच बदला. टाकीला तडा असेल तर टाकी बदला. दोन्ही कामे सोपी आहेत.

परतीची नळी आणि टाकीतून पंपात येणारी नळी. जुन्या गाडीत गळतीची ही नेहमीची जागा. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते, टोकाला चिरते आणि क्लिप सैल पडते. हे काम घरी होते. रीत पुढे देतो.

दाबाची नळी. हिच्या दोन्ही टोकांना धातूची टोपी यंत्राने दाबून बसवलेली असते. टोपीच्या कडेला पाझर दिसला तर नळी संपली. सायकलची ट्यूब गुंडाळणे, तार आवळणे, पुट्टी थापणे, यातले काही टिकत नाही. हजार पौंडांच्या दाबापुढे क्लिपही उभी राहत नाही. शिवाय ही नळी अनेकदा सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाजवळून जाते. त्यावर तेलाचा फवारा उडाला तर गाडी पेट घेऊ शकते. नळी पूर्ण बदला. गाडीची खास नळी मिळाली तर उत्तम. नाहीतर ट्रॉलीचे हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या दुकानात जुनी नळी नमुना म्हणून न्या. तेल, दाब आणि उष्णता, तिन्ही सोसणाराच पाइप मागा. जोडणीच्या बोल्टला तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर असतील तर ते दर वेळी नवे घाला. जुने वायसर एकदा दबलेले असते, पुन्हा नीट बसत नाही.

पंप. पुलीच्या मागे तेलाचे कडे उडालेले दिसले आणि पट्टा ओला असला तर पंपाच्या दांड्याचे सील गेले. पुष्कळ पंपांचे सील निराळे मिळते. मात्र पुली काढायला ओढणारे हत्यार लागते. हातोडीने ठोकून काढली तर पंपाचा दांडा बिघडतो. हे काम मिस्त्रीचे. तेलाने भिजलेला पट्टाही तपासून घ्या, तो घसरतो.

पण पंपाला दोष देण्याआधी त्याच्या वरची नळी कोरडी आहे ना, हे पाहा. नळीतून ओघळलेले तेल पंपावरच साचते, आणि चांगला पंप उगाच उघडला जातो.

स्टिअरिंग बॉक्स. ज्या गाड्यांना बॉक्स असतो त्यांत खालच्या जाड दांड्याशी, जिथे स्टिअरिंगचा आर्म बसतो, तिथले सील जाते. सील बदलता येते. मात्र आतला दांडा झिजून हलत असेल तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळेल. तेव्हा मिस्त्रीला दांडा हलवून पाहायला सांगा.

रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना लोहाराच्या भात्यासारखे घड्यांचे रबरी आवरण असते. इंजिन बंद असताना ते हलकेच दाबा. आत तेल डचमळत असेल, किंवा क्लिप सोडल्यावर तेल बाहेर आले, तर आतले सील गेले आहे. इथे मिस्त्रीचे म्हणणे खरे. रॅक उतरवून दुरुस्त करावा लागतो किंवा बदलावा लागतो. रॅक बसल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय लांब जाऊ नका, टायर एका बाजूने खाल्ले जातात.

यात एक बचतीची गोष्ट आहे. भाता फाटला की आत चिखलपाणी जाते, रॅकचा गुळगुळीत दांडा गंजतो आणि तो गंज सील कापतो. म्हणजे आजचा फाटका भाता उद्याचा गळका रॅक. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही भाते पाहा. फाटला असेल तर तेवढाच बदला. रॅकच्या मानाने तो अगदी स्वस्तात मिळतो.

घरचे काम: परतीची नळी

सामान थोडेच लागते. पाना, पेचकस, पकड, दोन नव्या क्लिपा, योग्य तेल, चिंध्या आणि एक जुने घमेले. नळी मात्र तेलाचीच हवी. रेडिएटरची किंवा पाण्याची नळी वरून सारखी दिसते, पण तेलाने आतून फुगते आणि सुटते. जुन्या नळीचा तुकडा दुकानात न्या आणि आतली जाडी जुळवून घ्या.

इंजिन थंड होऊ द्या. गाडी सपाट, टणक जागी लावा. खाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. लोखंडी स्टँड लावा, नाहीतर बाभळीचे रुंद, सपाट ओंडके आडवे-उभे रचा. विटांची चळत कधीही नको, वीट न सांगता फुटते. मागच्या चाकांना उटी लावाच.

स्वच्छ पिचकारीने टाकीतले तेल काढून घ्या. खाली घमेले ठेवा. क्लिप सैल करून नळी थोडी पिळत ओढा. चिकटली असेल तर पेचकसाने टोचू नका, धातूच्या नळीवर ओरखडा पडतो आणि पुन्हा तिथेच गळते. रबर उभे चिरून काढा. जुनी नळी पुरेशी लांब असेल आणि फक्त टोक कडक झाले असेल, तर टोक कापून पुन्हा बसवता येते. पण हा थोड्या दिवसांचा उपाय समजा. नवी नळी धातूच्या उंचवट्याच्या पुढे सरकवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या आत आवळा. क्लिप इतकीही आवळू नका की रबर कापेल. नळी पट्ट्याला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला लागत नाही ना, ते पाहा.

आता हवा काढायची. पुष्कळांची मेहनत इथे वाया जाते. तेल भरून लगेच इंजिन सुरू केले की पंप हवा गिळतो, फेस होतो आणि मिस्त्री म्हणतो पंप गेला. रीत अशी आहे. पुढची दोन्ही चाके उचलून भक्कम आधारावर ठेवा. इंजिन बंदच. चावी फक्त स्टिअरिंगचे कुलूप सुटेल एवढी फिरवा. टाकी भरा आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ ते २० वेळा फिरवा. दुसऱ्याने टाकीवर लक्ष ठेवावे. तेल खाली गेले की भरावे, बुडबुडे येऊ द्यावेत. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून कमी वेगावर पुन्हा सावकाश फिरवा. फेस आलाच तर इंजिन बंद करून तासभर थांबा आणि पुन्हा करा. शेवटी खुणेपर्यंत तेल करा आणि रात्री पुन्हा पुठ्ठा घाला. सकाळी पुठ्ठा कोरडा, तर काम झाले.

निघालेले तेल गोठ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

बाटलीची गफलत

घराच्या फळीवर तेलाच्या चार बाटल्या शेजारी शेजारी असतात. त्यात सर्वांत मोठा धोका आहे. ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असले तरी आपल्या गाड्यांत चालणारे ते खनिज तेल नव्हे. ते निराळेच रसायन असते. ब्रेकचे रबर त्याला सोसते, स्टिअरिंगचे रबर सोसत नाही. ब्रेक ऑइल स्टिअरिंगच्या टाकीत गेले तर सील बिघडतात आणि पंप व रॅक दोन्ही हातचे जातात.

उलट झाले तर पैशांवर भागत नाही. स्टिअरिंगचे तेल ब्रेकच्या टाकीत थोडेसे जरी गेले, तरी ब्रेकचे रबर फुगते. ब्रेक अडकतात किंवा लागतच नाहीत. घाटात, भरल्या गाडीत, याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. अशी चूक झाली तर गाडी सुरू करू नका, "थोडेच गेले" म्हणू नका. दोरी लावून ओढूनही नेऊ नका, कारण ओढतानाही ब्रेक लागतात. मिस्त्रीला घरी बोलवा.

म्हणून प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तेल ठेवू नका. कोणते तेल चालते ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, तेच घाला. लाल म्हणून लाल आणले, असे नको. गळती थांबवणारे म्हणून जे द्रव मिळते, ते रबर थोडे फुगवते. जुन्या सीलचा किंचित पाझर त्याने काही काळ थांबेलही. पण फुटकी नळी सांधत नाही आणि झिजलेला दांडा भरून निघत नाही.

वाटेत जड झाले तर

घाबरू नका. गाडीचे स्टिअरिंग चाकांना लोखंडाने जोडलेले असते, तेलाची मदत गेली तरी ते फिरते. फक्त ताकद लागते. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. बॉनेटमधून धूर येत असेल तर सर्वांना उतरवून लांब उभे करा. पट्टा तुटला आहे का ते इंजिन बंद करून पाहा. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर डायनामो किंवा पाण्याचा पंपही असतो, आणि तसे असेल तर गाडी पुढे हाकू नये, इंजिन तापेल. टाकी कोरडी पडली असेल तर "गाव जवळच आहे" म्हणून दामटू नका. कोरडा पंप थोड्याच वेळात खराब होतो.

ट्रॅक्टरचे मात्र निराळे आहे. पॉवर स्टिअरिंगच्या काही ट्रॅक्टरांत चाक आणि स्टिअरिंग यांच्यात फक्त तेलच असते. तेल गेले की स्टिअरिंग फिरूनही चाक नीट वळत नाही. अशा ट्रॅक्टरला गळती लागली तर ट्रॉली जोडून रस्त्यावर काढू नका.

मिस्त्रीकडे जाताना

आपण आधी पाहून गेलो की बोलणे सोपे होते. "गाडी गळते, बघ" असे म्हणू नका. "दर आठवड्याला पेलाभर तेल घालावे लागते, डाग डाव्या चाकाच्या पुढे पडतो, वरची नळी कोरडी आहे" असे सांगा. मोठा खर्च सांगितला तर नम्रपणे म्हणा, "मिस्त्री, ओली जागा मला दाखव." चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो. काढलेला जुना भाग परत मागा. आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि किती तेल घातले ते लिहीत जा. दुधाचा हिशेब जिथे लिहितो, तिथेच लिहिले तरी चालेल. गळती वाढते आहे की थांबली आहे, हे त्या वहीवरून कळेल.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकी पाहा, नळ्या पाहा, रात्री पुठ्ठा घाला. उभ्या गाडीचे स्टिअरिंग उगाच पिळू नका. चिखलाच्या चाकोरीत चाक अडकले असताना टोकाला दाबून धरू नका. तेल काळे पडून करपट वास येऊ लागला की बदला. आणि अंगण झाडणारीने "आज डाग दिसला" असे सांगितले, तर त्याच दिवशी बॉनेट उघडा.